पाठीवरची थाप

“आबा, भैरूला काढलं तर माझं काय चुकलं?”

रणधीरनं देवळाच्या पायरीवर उभ्या उभ्याच विचारलं. चपलासुद्धा काढल्या नाहीत पठ्ठ्यानं.

गुरवआबा हार ओवत बसले होते. चाळीस वर्षं या माणसानं गावाला खो-खो शिकवला. देवाची पूजा आपली जाता-येता.

“काढलं म्हणजे?”

“जिल्ह्याच्या सामन्यांसाठी संघाची यादी आज मलाच द्यायचीय, कर्णधार मी. तिच्यात त्याचं नाव घातलं नाही. परवाच्या फायनलला मी एकट्यानं सात गडी मारले, आबा. सात! त्यानं एक तरी मारला का?”

“दहा वर्षं तुझ्या जोडीनं खेळतोय तो.”

“दोस्ती दोस्तीच्या जागी.”

आबांनी सुई हारात खोचून ठेवली. त्याला घेऊन देवळामागच्या मैदानात गेले, पायाच्या अंगठ्यानं मातीत चौकोन ओढला.

“बस.”

रणधीर सामन्यातल्यासारखा उकिडवा बसला.

“आता ऊठ आणि पळ.”

“असा कसा उठू? खो कुठं दिलाय कुणी?”

“नाही दिला?”

“नाही.”

“मग बस.”

आणि आबा चालते झाले की!

...

खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हे आबांनीच त्याच्याकडून घोटून घेतलेलं. आपणहून उठावं तर सात गडी मारणाऱ्याची अब्रू जाते, न उठावं तर पाय जातात. ऊन वर आलं. पोटऱ्यांना मुंग्या आल्या. मनातल्या मनात त्यानं आबांना काय काय म्हटलं, ते इथं सांगण्यासारखं नाही.

...

“खो!”

पाठीवर थाप पडली आणि रणधीर सुटला, तो थेट खुंटाला हात लावूनच थांबला.

तिथं त्याच्या ध्यानात आलं. कोण आहे म्हणून आपण मागं बघितलंसुद्धा नाही. बघायची गरजच नव्हती. परवाच्या सातातले पाच गडी त्यानं याच थापेवर उठून मारले होते.

तो वळला. चौकोनात, त्याच्या जागेवर, भैरू बसला होता. खो देणाऱ्यानं बसायचंच असतं. त्याच्या खांद्यावर संघाची जर्सी होती, धुऊन घडी घातलेली.

“तू... इथं कसा?”

“ही परत द्यायला आलो होतो. यादीचं कळलं मला.”

“मग खो कशाला दिलास, बाबा?”

“आता काय सांगू! तू बसलेला दिसलास. म्हटलं, किती वेळचा बसलाय गडी, पाय भरून आले असतील.”

असला दोस्त आपल्या वाट्याला आला, आणि आपण त्यालाच खोडायला निघालो होतो! रणधीरला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त बरं वाटलं. डोळे पुसायचंसुद्धा सुचलं नाही.

आबा कधीचे देवळाच्या कोपऱ्याशी येऊन उभे होते.

“आबा, यादी बदलतो. चुकलो मी.” रणधीर त्यांच्या पायांशी वाकला.

आबांनी पाय मागं घेतले.

“माझ्या पाया मग पड. तो बसलाय ना अजून.”