काचेवरचं पाणी

“...पण वस्ताद, यात माझी चूक कुठं हाय?”

सयाजीने तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर वस्ताद गाडीखाली आडवे झाले होते. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते. खालून पान्याचा आवाज तेवढा येत राहिला.

गाडी निकमबाईंची. बाई पलीकडच्या गावात प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. सोमवारी संध्याकाळी शाळेतून विट्याला घरी येताना त्यांची गाडी ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्याला जाऊन धडकली. डावा दिवा फुटला, पत्रा आत गेला. बाईंचा उजवा हात मनगटात मोडला.

आणि दोनच आठवड्यांपूर्वी याच गाडीचे ब्रेक सयाजी लाडने केले होते.

गावात बोलणं सुरू व्हायला वेळ लागला नाही. ब्रेक नीट केले नसणार, असं चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं. मंगळवारी ते सयाजीच्या कानावर आलं. बुधवारी ठरलेल्या दोन गाड्या त्याच्या गॅरेजला आल्याच नाहीत.

सयाजी बारा वर्षांपूर्वी वस्तादांच्या या पत्र्याच्या शेडमध्येच पाना धरायला शिकला होता. आता त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा म्हणून त्याचं नाव होतं, आणि ते नाव तो कपाळावर घेऊन फिरायचा. पण त्या भागात शेवटचा शब्द अजूनही दस्तगीर शिकलगारांचा होता. म्हणून बाईंच्या यजमानांना विचारून तो गुरुवारी दुपारी गाडी ओढून इथे घेऊन आला.

वस्ताद गाडीखालून बाहेर आले. हात पुसले. चारी चाकं त्यांनी बघितली होती.

“ब्रेक चांगले हायत,” ते म्हणाले.

सयाजीने तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. मग हे लोकांना सांगा, एवढंच त्याने म्हटलं. दुसरं काही नको.

वस्ताद गाडीत बसले. किल्ली फिरवली. समोरच्या काचेवर सोमवारचा चिखल वाळून बसला होता, वायपरच्या दोन अर्धगोल रेघांसकट. त्यांनी काचेवर पाणी उडवायचा दांडा ओढला.

आत मोटरचा गुंऽऽ असा आवाज आला.

पाणी आलं नाही.

त्यांनी परत ओढला. गुंऽऽ. पाणी नाही.

“हे तुला ठावं होतं?”

सयाजीने बॉनेटकडे बघितलं.

“...होतं,” तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. बाई ब्रेकच्या कामाला आल्या, तेव्हा जाता जाता म्हणाल्या होत्या की काचेवर पाणी उडत नाही. त्या वेळी एका मोठ्या गाडीचं इंजिन उघडं पडलं होतं. त्याने बॉनेटवरच्या नोझलमध्ये एक टाचणी घालून बघितली, आत बाहेर केली, आणि पुढच्या सर्व्हिसिंगला बघू म्हणाला. तोवर फडकं ठेवा गाडीत. बाई बरं म्हणाल्या आणि गेल्या.

“एवढ्याशा कामानं काय होतं, वस्ताद? गाडी काय त्यानं थांबती?”

वस्ताद गाडीतून उतरले. त्यांनी सयाजीला हाताने खूण केली, बस आत.

तो बसला. वस्तादांनी आणि शेजारच्या वेल्डरने मिळून गाडी ढकलली आणि तोंड पश्चिमेला केलं. पाच वाजून गेले होते. उसाच्या शेतांवर सूर्य उतरलेला. वेल्डर आपल्या कामाला निघून गेला. वस्तादांनी दार लावून घेतलं, आणि नळाकडे गेले. नळाखाली चिखल असायचाच. त्यांनी ओंजळ भरून तो उचलला, आणि सरळ काचेवर फेकला.

सयाजी दचकून मागे झाला.

“पूस,” बाहेरून आवाज आला.

त्याने वायपर लावला. चिखल निघाला नाही, पसरला. सगळी काच तांबूस झाली. त्या तांबूस काचेवर समोरून ऊन पडलं आणि काच पेटल्यासारखी दिसायला लागली. त्याने पाण्याचा दांडा ओढला. गुंऽऽ. पुन्हा ओढला. गुंऽऽ.

“समोर काय दिसतं?”

“...काय न्हाई.”

“मी कुठं उभा हाय?”

आवाज शेडच्या बाजूने येतो की नळाच्या, ते सयाजीला कळेना. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

वस्ताद गाडीच्या नाकासमोर उभे होते. त्यांचा तळहात बॉनेटवर टेकलेला होता.

हे सांगताना सयाजी अजूनही इथे थांबतो. बारा वर्षं गाड्या केल्या, तो म्हणतो. खालून बघितल्या, बॉनेट उघडून बघितल्या, रोगी बघावा तशा बघितल्या. चालवणाऱ्याच्या जागेवर बसून कधी समोर बघितलं नव्हतं. चालवायला बसलो तरी कान इंजिनात.

तो गाडीतून उतरला. वस्तादांकडे न बघता त्याने बॉनेट उघडलं.

“आत्ता करतो,” तो म्हणाला.

कामाला तो वाघ होता. पाण्याची नळी कुठून कुठे जाते हे त्याला बघावंही लागलं नाही. त्याने हवेच्या मशीनचा पाइप आणला, नळी मोटरपासून सोडवली आणि त्या टोकातून जोरात हवा मारली. फट्‌ असा आवाज झाला. नळी दुसऱ्या सांध्यातून निसटून उडाली. नोझल होतं तसंच बंद.

त्याने नळी बसवली, घट्ट धरली आणि आणखी जोर लावला. नोझल बंद.

वस्ताद पालथ्या डब्यावर बसून बघत होते.

“आत काय असंल ते पाण्याबरोबरच आलं न्हवं?” ते म्हणाले. “येत येत बारीक भोकापाशी अडकलं. तू त्याच दिशेनं ढकलतोयस. ते गच्च व्हणार.”

“मग?”

“उलटं फुंक. तोंडानं.”

सयाजी हवेच्या मशीनकडे बघत राहिला. वस्ताद म्हणाले, ते राहू दे, कधी थांबायचं ते त्याला कळत नाही.

नोझल एकच होतं, बॉनेटच्या मधोमध, काचेच्या बाजूला. त्याला दोन बारीक भोकं. सयाजीने बॉनेट खाली आणलं. नोझलला तोंड लावायचं तर कमरेतून पूर्ण वाकावं लागत होतं. तो वाकला. त्याचं कपाळ काचेच्या चिखलाला टेकलं. त्याने नोझलवर ओठ घट्ट दाबले आणि फुंकलं.

काही नाही.

पुन्हा फुंकलं. गालफडं दुखायला लागली.

खाली लोंबणारं नळीचं मोकळं टोक वस्तादांनी हातात धरलं होतं. सहाव्या की सातव्या फुंकीला त्यांनी तळहात पुढे केला. तळहातावर मोहरीएवढा एक पांढरट खडा पडला होता. साबणाचा, वाळून दगड झालेला. पाण्याच्या डब्यात बाई कपड्यांची पावडर टाकत असणार, बरेच जण टाकतात.

“एवढंच?” सयाजी म्हणाला.

वस्तादांनी तो खडा त्याच्या हातावर ठेवला.

सयाजीने पाण्याचा डबा सोडवून धुतला. तळाला हिरवं शेवाळ धरलं होतं. तेही काढलं. नळी धुतली, जोडली, डब्यात साधं स्वच्छ पाणी भरलं. मग दांडा ओढला.

दोन धारा उडाल्या आणि काचेवर आडव्या पसरल्या. वायपरने चिखल नेला. काचेतून रस्ता दिसला, रस्त्यापलीकडचा ऊस दिसला, वस्ताद दिसले.

त्याच्या तोंडावर, कपाळावर चिखल होता. पुसायचं त्याला सुचलं नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, आता तरी लोकांना सांगा.

“सांगतो की,” वस्ताद म्हणाले. “ब्रेक चांगले होते, सयाजीचं काम चोख होतं. त्यावर लोक इचारतील, मग गाडी धडकली कशी? चूक कुणाची?”

वस्तादांनी त्याच्याकडे बघितलं.

“...मी काय सांगू?”

सयाजीने तोंड उघडलं. बाईंची, हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता. तो तिथेच राहिला.

वस्तादांनी वाट बघितली. मग टोपी घातली, स्कूटर काढली आणि त्याला मागे बस म्हणाले.

निकमबाई घराच्या पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. त्यांनी दोघांना बसवलं. सयाजी काही बोलायच्या आत त्याच बोलायला लागल्या. म्हणाल्या, तुझ्या ब्रेकबद्दल लोक बोलतात ते माझ्या कानावर आलं, मी सगळ्यांना सांगतेय की ब्रेकचं काही नव्हतं, मीच उशिरा दाबला. एकोणपन्नासाव्या वर्षी गाडी शिकले मी. तेव्हा सगळे हसले होते, आणि त्यांचं बरोबर होतं म्हणायचं. यजमानांना सांगितलंय, गाडी नीट झाली की देऊन टाका कुणाला तरी. मी परत बसत नाही त्या जागेवर.

त्या हे शांतपणे सांगत होत्या. पाठ केल्यासारखं.

सयाजीने वस्तादांकडे बघितलं. वस्ताद पडवीच्या कडेला लावलेल्या अबोलीकडे बघत होते.

“बाई,” तो म्हणाला. “तुम्ही सांगितलं होतं मला. पाणी उडत न्हाई म्हणून. मी केलं न्हाई.”

बाईंना आधी कळलं नाही.

त्याने सगळं सांगितलं. टाचणीचं, फडक्याचं, काचेवर फेकलेल्या चिखलाचं. समोर माणूस उभा होता आणि मला तो दिसला नाही, हेही सांगितलं. खिशातून तो पांढरा खडा काढून दाखवला.

बाईंनी तो खडा डाव्या हातात घेतला.

“परत सांग,” त्या म्हणाल्या. “शेवटचं.”

“समोर माणूस होता. मला दिसला न्हाई.”

“उसाचा ट्रॅक्टर गेला समोरून,” बाई हळूच म्हणाल्या. “पाटाचं पाणी रस्त्यावर आलेलं. सगळा चिखल काचेवर आला. मी पाण्याचा दांडा ओढत राहिले. ओढत राहिले... म्हणजे मला दिसत नव्हतं, ते खरंच दिसत नव्हतं.”

डाव्या हाताने त्यांनी पदर डोळ्यांना लावला. सयाजी उठून उभा राहिला. त्याला वाटलं, आता बोलतील, बोलायलाच हवं. दाराबाहेर काढलं असतं तरी त्याचं काही म्हणणं नव्हतं.

पदर खाली आला तेव्हा बाईंचा आवाज वर्गात असावा तसा झाला होता. तू चुकलास, त्या म्हणाल्या. खूप चुकलास. मी तीन रात्री स्वतःला बोल लावत काढल्या.

“व्हय, बाई.”

“प्लास्टर निघायला सहा आठवडे आहेत. निघालं की पहिल्यांदा गाडी घेईन, तेव्हा शेजारी बसशील?”

सयाजी हो म्हणाला.

परत येताना स्कूटर हळू चालली होती. दिवस मावळत होता. शेडपाशी वस्तादांनी स्कूटर स्टँडला लावली. सयाजी तिथेच उभा राहिला. ब्रेकचं लोकांना सांगा, हे त्याने आता काढलंच नाही. भलतंच काहीतरी त्याला टोचत होतं.

“वस्ताद, गाडी बाई चालवणार. मी मिस्त्री. शेजारी बसून मी करायचं काय?”

वस्ताद शेडचं दार ओढत होते. ते थांबले.

“काय न्हाई करायचं,” ते म्हणाले. “समोर बघायचं.”