गारगोट्यांचे कोठार

एका राज्यात, सात टेकड्यांच्या कुशीत, सुकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. त्याचे कोठार एवढे मोठे, की हत्ती आत शिरला तर त्याला बाहेरची वाट सापडू नये. कोठार भरत असे, उघडत मात्र नसे. खालचे धान्य कुजे, वर नवे पडे, आणि राजा म्हणे, "असू द्या. लागेल कधीतरी."

एके दिवशी धूम्रकेश नावाचा मांत्रिक दाराशी आला.

"राजा, तीन दिवसांचा उपाशी आहे. पसाभर ज्वारी दे."

"कोठार उघडायची ही वेळ नव्हे."

"तर ऐक. या राज्यात साठवलेला दाणा सूर्योदयाला गारगोटी होईल."

सूर्य उगवला आणि कोठारात गारगोट्या होत्या. घराघरांतल्या कणग्यांतही गारगोट्याच.

राजाने दवंडी पिटवली : काही ठेवू नका, कापाल ते त्याच दिवशी संपवा. लोक कापीत, पोट दुखेपर्यंत खात, उरलेले गुरांपुढे टाकीत, गुरांना नको झालेले नदीत सोडीत. बघता बघता शिवारे रिकामी झाली. उरले नदीकाठचे एक मोठे शेत. तेही खाल्ले तर पेरायला बी नाही, आणि बी राखावे तर त्याचा दगड.

राजाची कन्या कनकलेखा गोंधळून गेली. कालपर्यंत तात सांगत, ठेव. आज सांगतात, संपव. दोन्ही वेळा तितक्याच खात्रीने. मग खरे कोणते? विचार करून डोके शिणले, तेव्हा ती उठली आणि धूम्रकेशाच्या टेकडीकडे निघाली.

टेकडीच्या माथ्यावर मांत्रिक डोळे मिटून बसला होता. त्याच्या खांद्यावरची पांढरी साळुंकी बोलली, "धनी तहानले आहेत. खालच्या तळ्यातून पाणी आण. तीन खेपांत जमले तर शापाचा उतारा मिळेल."

कनकलेखेने घागर भरली. वाटेत तीन झाडे होती. झाडे म्हणाली, "बाई, घोटभर पाणी दे." पण थेंबही सांडू नये म्हणून कनकलेखा मान खाली घालून चढत राहिली. माथ्यावर घागर ओतली तर आतून वाळू पडली.

"झाडे वाळत होती आणि तू घागर सांभाळलीस," साळुंकी म्हणाली.

दुसऱ्या खेपेला तिने सगळे पाणी झाडांना घातले. रिकामी घागर घेऊन ती वर पोहोचली.

"झाडांच्या बुंध्याशी चिखल झाला, आणि धनी तहानलेलेच," साळुंकी म्हणाली.

कनकलेखेला रडू कोसळले. "ठेवले तर चूक, दिले तर चूक! मी करावे तरी काय?"



डोक्यात नुसता गुंता. शेवटी काही सुचेना म्हणून तिने मांत्रिकालाच विचारले, "महाराज, आपल्याला पाणी लागेल तरी किती?"

धूम्रकेशाने डोळे उघडले. "ओंजळभर."

उतरताना तिने झाडांनाही विचारले. एकाला तांब्याभर हवे होते, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला नुसते शिंपडायला. येताना तिने तसे दिले, स्वतःही प्याली, आणि वर ओंजळभर आणले.

मांत्रिक पाणी पिऊन म्हणाला, "साठवणे हे पाप नव्हे, मुली. कोणासाठी ते न ठरवता जे साठते, त्याचा दगड होतो."

तिला हे निम्मेच कळले. पण ती परतली, आणि दारोदार फिरून विचारू लागली. घरात खाणारे किती? शेताला बी किती? दारी येणाऱ्यासाठी किती ठेवाल? नदीकाठचे शेत कापले गेले आणि ज्याची त्याची टोपली भरली. राजवाड्याच्या वाट्याची वीस पोती राजाने कोठारात नेली.

"हे कोणासाठी, तात?"

"असेच. असावे जवळ."

सकाळी टोपल्यांत ज्वारी होती. वीस पोत्यांत गारगोट्या.

"माझ्याच वाट्याला हे का?" राजा म्हणाला.

"तात, आपल्याला स्वतःला रोज किती लागते?"

असे राजाला कोणी कधी पुसले नव्हते. "सकाळी आंबील," तो चाचरत म्हणाला. "दुपारी दोन भाकरी. संध्याकाळी... संध्याकाळी तर भूकच नसते फारशी." आणि तो कोठाराच्या पायरीवर मटकन खाली बसला. एवढ्याशा पोटासाठी केवढे हे दार!

मग तो उठला. त्याने दोन्ही कवाडे उघडली आणि गावांची नावे घेऊ लागला. ही रास टेंभवलीच्या विधवांची. ही कोरड्या वर्षी पिंपळदऱ्याची. ही वाटसरूंची. नाव घ्यावे आणि राशीतल्या गारगोट्यांची ज्वारी व्हावी. दुपार होईतो त्याचा घसा बसला, पण एकही दगड उरला नाही. पहिला पसा त्याने स्वतः टेकडीवर नेऊन धूम्रकेशाच्या झोळीत घातला.

पेरण्या झाल्या. लोक कनकलेखेला म्हणाले, "आता एकदाचा नियम सांगा. किती ठेवायचे, किती द्यायचे?"

"मला तरी कुठे ठाऊक?" ती म्हणाली. "माणसे बदलतात, भूक बदलते. दर वर्षी दारोदार जाऊन विचारावे लागेल."

आणि ती जात राहिली. त्या राज्यात पुन्हा दाणा कुजला नाही आणि दारी आलेले कोणी रित्या हाताने परतले नाही. ऐकणाऱ्यांच्या घरीही तसेच घडो.