व्हेरेनाच्या आईची खुर्ची

आरव्हेनबाख हे आल्प्सच्या एका अरुंद खोऱ्यातले, जर्मन बोलणाऱ्यांचे छोटे गाव. गावाच्या डोक्यावर देवदारासारख्या उंच झाडांचे दाट रान आहे, आणि त्यातली साधी काटकीही कोणी उचलत नाही. पाहुण्यांनी कारण विचारले, की चर्चची घंटा सांभाळणारी म्हातारी क्रेसेंझ त्यांना आधी बाकावर बसवते. उभ्या उभ्या ऐकायची ही गोष्ट नव्हे, असे तिचे म्हणणे.

वरच्या कड्यावर हिवाळ्यात बर्फाचे थर साचतात. ते सुटले, तर त्यांना अडवायला मध्ये फक्त हे रान. म्हणून इथे कुऱ्हाड चालवणाऱ्याने गाव सोडायचे, असे फार पूर्वी ठरले, म्हणे. राखणीला आम्ब्रोस नावाचा माणूस होता. माणूस सरळ, पण त्या सरळपणाचा त्याला भारी ताठा. एका हिवाळ्यात शेजारच्या व्हेरेनाने आजारी आईसाठी मोडून पडलेल्या फांद्या गोळा केल्या, तर याने त्या तिच्या हातातून काढून परत रानात टाकल्या. आज फांदी नेली तर उद्या झाड नेतील, एवढेच त्याला कळत होते. तिची आई त्याच थंडीत गेली. व्हेरेनाने त्याच्याशी बोलणे सोडले, आणि आपले काही चुकले असे त्याच्या मनातही आले नाही.

पुढे एका साली बर्फ वेळेआधीच पडला. गावाचे सरपण ओढ्यापलीकडे रचलेले असे. बर्फ घट्ट झाला की घसरगाडीवरून ते आणायचे, ही रीत. त्या साली ओढ्याच्या वाटेवरचा बर्फ इतका भुसभुशीत, की पाऊल टाकले तर माणूस छातीपर्यंत आत जाई. घरोघरच्या चुली मंदावल्या, आणि नेमक्या तेव्हाच आम्ब्रोसच्या बायकोला, रेगुलाला, कळा सुरू झाल्या. त्याने घरातला बाक जाळला, फळ्या जाळल्या, शेवटी बाळासाठी केलेला पाळणाही फोडला. दुपार कलली तरी सुटका होईना. रेगुलाचे ओठ निळे पडले. सुईण म्हणाली, "चूल विझली तर दोघांपैकी कोणाचीच खात्री नाही."

आम्ब्रोस कुऱ्हाड घेऊन घरामागच्या रानात शिरला. पहिल्याच झाडावर त्याने ती उगारली, आणि त्याला व्हेरेनाचे हात आठवले. थंडीने लाल झालेले, फांद्या घट्ट धरून ठेवणारे. आपण त्या दिवशी काय केले, हे त्याला तिथे कळले. लाजेने त्याला घाव घालवेना, आणि बायकोच्या काळजीने माघारीही फिरवेना.

"आम्ब्रोस, खाली ये."

रानाच्या कडेला व्हेरेना उभी होती. पाठीवर तिच्या आईची खुर्ची. ती तिने त्याच्या दारात आणून ठेवली आणि म्हणाली, "फोड."

"व्हेरेना, त्या दिवशी मी..."

"ते मग बोलू. आधी चूल बघ. माझ्या आईला ऊब मिळाली नाही. या लेकराला तरी मिळू दे."

आम्ब्रोस रडत रडत खुर्ची फोडत होता, असे सांगतात. तो आवाज ऐकून शेजारीपाजारी बाहेर आले. कोणी तिवई आणली, कोणी कपाटाचे दार. दिवेलागणीला रेगुलाला मुलगी झाली, दोघी वाचल्या. वसंतात कड्यावरचा बर्फ सुटला, तो रानात येऊन अडला, आणि गाव राहिले.

आजही आरव्हेनबाखमध्ये बाळ जन्मले, की प्रत्येक घरातून एक लाकूड येते. घरोघरी हीटर आले, तरी त्या दिवशी चूल पेटवतातच. पहिले लाकूड मात्र त्याचेच, ज्याचे त्या घराशी सगळ्यात जास्त वाकडे आहे. बाकीचे लोक हातात लाकडे घेऊन अंगणात त्याची वाट बघत उभे राहतात. कधी कधी फार वेळ उभे राहावे लागते, क्रेसेंझ म्हणते. पण तो येतो.