चांगुणेच्या पावलाच्या पायऱ्या

खाडीवरून गावात चढणाऱ्या या काळ्या पायऱ्या बघितल्यात? वीतभरही उंच नाहीत. आणि दर वीस पायऱ्यांवर हे छातीएवढे ओटे आहेत ना, ते डोक्यावरची माशांची पाटी न वाकता टेकवायला. मी हिराजी तांडेल. माझी ऐंशी वर्षं इथंच चढण्या-उतरण्यात गेली.

असं सांगतात, की जुन्या काळी खोतानं येसू पाथरवटाकडून इथं पायऱ्या बांधून घेतल्या. दगड कमी लागावेत म्हणून गुडघ्याएवढ्या उंच, सरळसोट. येसूला त्यांचा मोठा अभिमान. पहिल्याच आठवड्यात चांगुणा नावाची कोळीण पाटी घेऊन चढताना कोसळली. सहा महिन्यांची गरोदर होती. पोर पोटातच गेलं.

येसू तिच्या दारी गेला. ती भांडली नाही म्हणे. एवढंच विचारलं, "येसूदादा, बांधून झाल्यावर तुम्ही चढून बघितलंत ना? तेव्हा डोक्यावर काय होतं?"

दुसऱ्या दिवशी त्यानं तिचीच पाटी भरून डोक्यावर घेतली. बाराव्या पायरीवर पाऊल वर उचलेना, आणि ओझं टेकवायला कुठं जागा नाही. तिथंच उभ्या उभ्या तो रडला. मग खाली येऊन त्यानं पहिली पायरी उखडली.

खोत संतापला. "माझ्या पायऱ्यांना हात लावलास तर गावात थारा नाही!"

कोळ्यांनी येसूला होडीत निजायला जागा दिली. खोताची माणसं काम थांबवायला आली, तेव्हा कोळणी भरल्या पाट्या घेऊन पायऱ्यांवर बसून राहिल्या. दोन वर्षं काम चाललं. चांगुणा पाटी घेऊन चढायची, तिचं पाऊल सहज पडेल तिथं तो कोळशानं खूण करायचा आणि तेवढ्याच उंचीचा दगड घडवायचा.

शेवटचा दगड बसला तेव्हा येसू खालीच थांबला. त्यानं हाक दिली, "चांगुणे, कशी आहे पायरी?"

वरून उत्तर आलं, "वर कधी आले, कळलंच नाही!"

माझी आई इथून चढायची तेव्हा तिच्या बांगड्यांचा आवाज आम्हाला घरात ऐकू यायचा. आता पूल झाला, मासळी टेम्पोनं जाते. ओट्यांवर शेवाळ धरलंय.

पण आजही गावात काही बांधलं, की बांधणारा खाली उभा राहतो, ज्याला चढणं सगळ्यांत जड त्याला आधी पाठवतो आणि विचारतो, "कशी आहे पायरी?" परवा दवाखाना झाला. बांधणारी शहरातली इंजिनिअर मुलगी होती, तिला आम्ही ही रीत सांगितली. तिनं गुडघे गेलेल्या आमच्या नामीआत्याला आधी पाठवलं आणि खालून विचारलं. आत्या तिसऱ्या पायरीवर थांबली. "नाय गं जमत, बाय."

मंडप सजला होता, पाहुणे वाटेत होते. मुलीनं फोन करून उद्घाटन पुढं ढकललं आणि दवाखान्याच्या पायऱ्या फोडायला लावल्या.