बिनपानांची नेपती

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असे ठरले होते. पण आता तिच्यातली पिल्ले मोठी होऊन उडून गेली आहेत, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नसावी.

एका कोरड्या माळावर, झऱ्याच्या वरच्या अंगाला, एक तितराची मादी राहत असे. ती फार बुजरी. चार जणांत तोंड उघडायची नाही, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे. झऱ्याभोवती सशाने मोठ्या हौसेने बाग केली होती. मऊ हरळी, अळूची रुंद पाने, एका बाजूला कर्दळ. बागेच्या कडेला नेपतीचे एक झुडूप होते. नेपतीला पाने जवळजवळ नसतातच. नुसत्या हिरव्या काड्या आणि आखूड काटे. लांबून तो काटक्यांचा भाराच वाटे. त्याच झुडपाच्या पोटात तितरताईने सात अंडी घातली होती, आणि हे तिच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हते.

फाल्गुनात एके सकाळी सशाने सगळ्यांना जमवले. तो साळिंदराला म्हणाला, "मामा, हे वाळकं झुडूप बागेची शोभा घालवतंय. उद्या मुळासकट काढा."

"काढतो की. अळू चावून दात बोथट व्हायला लागलेत."

"म्हणजे माझं अळू तुम्हीच खाता तर," ससा म्हणाला.

तितरताई जरा पुढे सरकली. अंड्यांचे सांगावे, तर शेजारीच अंडी फस्त करणारे मुंगूस बसलेले. गप्प बसावे, तर उद्या अंड्यांचा चुराडा. ती चाचरत म्हणाली, "मामा, आधी एक काडी चावून पाहा ना."

साळिंदराने काडी मोडून चावली. आत ओलावा होता. "अरे, हे जिवंत आहे."

"असेल. पण उपयोग काय त्याचा?" ससा म्हणाला.

"फुलेपर्यंत थांब," तितरताई म्हणाली. " पंधराच दिवस. नाही फुललं, तर मीसुद्धा माती उकरायला येईन."

"आज तितरताईला वाचा फुटली," मुंगूस म्हणाले. सगळे हसले. त्या हसण्यातच ससा "बरं, पंधरा दिवस" म्हणून गेला.

त्या पंधरा दिवसांत ऊन तापले आणि झरा आटला. अळूने माना टाकल्या, कर्दळ करपली, हरळी पिवळी पडून जमिनीला चिकटली. नेपती मात्र तांबड्या फुलांनी भरून गेली. माळावरच्या मधमाश्या आणि शिंजीर पक्षी दिवसभर तिथेच. तरीही पंधराव्या सकाळी ससा साळिंदराला घेऊन आलाच. "फुलं काय, चार दिवसांची," तो म्हणत होता, तेवढ्यात वरून गरुड झेपावला. साळिंदराने काटे फुलवले. ससा बागेकडे पळाला, पण तिथे लपायला एक पान उरले नव्हते. तो माघारी वळला आणि नेपतीत घुसला. गरुडाचे पंख काट्यांना घासले. त्याने दोन घिरट्या घातल्या आणि तो निघून गेला.

सशाने डोळे उघडले. वीतभर अंतरावर तितरताई अंग चोरून बसली होती. तिच्या पंखाखालच्या एका अंड्याला आतून तडा गेला होता. ससा हळूच बाहेर पडला, तर समोर मुंगूस.

"काय रे, एवढा वेळ आत? आहे तरी काय तिथे?"

आत तितरताईने अंड्यांवर पंख पसरले.

"काटे," ससा म्हणाला. "हे बघ, माझं नाक कसं सोललंय. मामा, तुम्ही घरी जा. आज खणायचं नाही, आणि उद्याही नाही."

तात्पर्य : जे झुडूप पाण्यावाचून उभे राहते, तेच वाईट दिवसांत दुसऱ्यांना आसरा देते, म्हणून नुसत्या रूपावरून त्याला निकामी ठरवू नये. आणि उपटायचेच असेल, तर आधी खाली वाकून आत कुणाची अंडी नाहीत ना ते बघावे. तडा गेलेल्या त्या अंड्यात मीच — आले गं आई, आले.