हारांची माती

“बाबा, माझे हार कुठं गेले?”

विश्वंभर कमरेइतक्या खड्ड्यात उभा राहून विचारत होता. काठावर बसून गेनूबाबा खुरप्याने वाफ्याचे बांध सारखे करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आमचा टेकाडावरचा मठ लहान. मागं भाजीचा एक तुकडा, तोही पांढऱ्या, चिवट मातीचा. पाणी घातलं की चिखल, ऊन लागलं की वीट. गुढीपाडव्याआधी तिथं भेंडी-गवार लावायची आणि येईल त्याला उन्हाळाभर जेवू घालायचं, हा बाबांचा नेम. मातीला तेवढी ताकद यावी म्हणून दिवाळीपासून खड्डा भरायचा. शेण, पालापाचोळा, खरकटं, देवाचं निर्माल्य... काहीही चालायचं.

आता हा विश्वंभर. बाबांचा शिष्य, माणूस हुशार. त्या हुशारीचा त्रास त्याला कमी, आम्हाला जास्त. त्याची प्रवचनं तालुक्यात गाजत. दिवाळीनंतर एका गावाने त्याला वाजतगाजत मिरवलं. गळ्यात झेंडूचे इतके हार, की मठात शिरताना स्वारीचा फक्त नाकाचा शेंडा दिसत होता.

ते हार त्याने खोलीत खुंटीला टांगले. वाळून करकरीत झाले तरी काढेना.

बाबा म्हणाले, खड्ड्यात घाल.

त्याने घातले. पण ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. बाबांनी अजून अनुग्रह दिला नव्हता, आणि वर हे. पाडव्यापर्यंत वाट बघेन, नाहीतर मठ सोडून जाईन, असं त्याने मला सांगून टाकलं होतं. बोचकंही बांधून ठेवलं होतं.

आज खड्डा उघडला, तेव्हा तो आधी हारच शोधायला लागला. फुलं कुजतात हे त्यालाही कळत होतं, काही वेडा नव्हता तो. पण निदान एखादी पाकळी, एखादा दोरा... कोपरापर्यंत हात घालून त्याने चाचपून पाहिलं. हाती लागली ती चमकीची एक पट्टी. बाकी सगळं काळं, ओलसर, भुसभुशीत.

ती पट्टी त्याने बाबांसमोर धरली.

“सगळ्याची माती झाली, बाबा.”

खुरपं थांबलं.

“झाली? खरंच माती झाली?”

“झाली.”

“तुझ्या तोंडात साखर पडो.”

आणि म्हातारा खड्ड्यात उतरला की! मी धरायला धावलो, तोवर खाली पोचलासुद्धा. ओंजळभर माती घेऊन त्यांनी नाकाशी धरली, मग कपाळाला लावली. डोळे भरून आले होते. गोठ्यातल्या गायीचं नाव घेऊन हात जोडले, अंगणातल्या लिंबाला जोडले, फुलं ओवणाऱ्या त्या गावच्या बायांना जोडले.

मग विश्वंभराकडे वळून त्यालाही जोडले.

“जिवावर आलं होतं तुझ्या. तरी दिलेस, लेका.”

इतक्या सत्कारांत विश्वंभराला असं कुणी कधी म्हटलं नसावं. तो तोंड फिरवून पाट्या भरायला लागला आणि मी ती माती वाफ्यावर पसरत गेलो. त्याचे डोळे वाहत होते, पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. खरं सांगतो, तो मला त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

पांढरा तुकडा काळा होत गेला. शेवटची पाटी वर आली. बाबा अजून खड्ड्यातच टेकून बसले होते.

विश्वंभर त्यांच्यासमोर खाली बसला.

“बाबा... आणि माझं काय होणार?”

बाबांनी मातीने भरलेला हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

“तुझीही होईल.”