चाखणीची जीभ

खूप वर्षांपूर्वी, वजनं दगडाची होती आणि शब्द वजनाला पक्के होते तेव्हाची ही गोष्ट. एका रानात, ऐनाच्या झाडाच्या ढोलीत मधमाश्यांचं एक पोळं होतं.

त्या पोळ्याची एक रीत होती. झाड फुललं की आधी चाखणीनं, म्हणजे चव पाहणाऱ्या माशीनं, जायचं, रसाला जीभ लावायची आणि ती 'चला' म्हणाली तरच बाकीच्यांनी उडायचं. कच्च्या फुलावर कष्ट वाया जाऊ नयेत, एवढाच हिशोब. आपण बाजारात चिमूटभर चाखल्याशिवाय पोतं उचलतो का? तसंच.

चाखणी मोठी तरबेज होती. दवात मिसळलेला रससुद्धा तिला कळायचा. सगळ्यांत लाडकी गोडी जांभळीच्या मोहराची. हलकी, किंचित तुरट.

एका थंडीत डोंगराखाली गुऱ्हाळ लागलं. चाखणी सहज डोकावली आणि काकवीच्या कढईच्या काठावर बसली. मग रोजच जाऊ लागली.

मैत्रिणी म्हणाल्या, "काय गं, सासर सापडलं का तिकडे?"

"तुम्ही बसा फुलांचं पाणी चाटत!" ती हसून म्हणाली.

चैत्र आला. गुऱ्हाळ उठलं. जांभळी पांढऱ्या तुऱ्यांनी भरून गेली. चाखणी मोठ्या आशेनं गेली. तिनं जीभ लावली. नुसतं पाणी! दुसरा तुरा पाहिला, तिसरा पाहिला. पाणीच.

"अजून रस भरला नाही," तिनं येऊन सांगितलं.

रीत ती रीत. पोळं थांबलं. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. चाखणी रोज जायची, रोज तेच सांगायची. पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस, आणि कोठ्या रिकाम्या.

नवव्या दिवशी पलीकडच्या पोळ्यातली एक माशी वाटेत भेटली. पोट इतकं भरलेलं की धड उडता येईना. म्हणाली, "तुमच्यात उपास धरलाय की काय? जांभळी नुसती गळतेय रसानं!"

पोळ्यातल्या म्हाताऱ्या माशीनं चाखणीला जवळ बोलावलं, तिच्या तोंडाचा वास घेतला. "पोरी, झाड कोरडं नाही. काकवीनं तुझी जीभ जाड केलीय."

"मग आता?"

"दाट गोड सोड, मधसुद्धा. पाणी पी, पराग खा, कळ काढ. धार परत येईल बहुतेक. पण कधी, ते मी सांगू शकत नाही."

बाकीच्या त्याच क्षणी उडाल्या. चाखणी दारात बसून राहिली. दमून येणारी एखादी तिच्यापुढे थेंब धरायची. "लागतंय का काही?"

"नाही गं."

दिवसभर तिला जांभळीचा वास यायचा. ती गोडी कशी होती ते ती आठवून पाहायची. आठवायची काकवीच. आपलीच लाडकी चव आपल्याला आठवू नये, याचं तिला रडू यायचं.

दाट गोड सोडल्यापासून सतराव्या दिवशी तिनं पाण्याला जीभ लावली, आणि त्यात पडलेल्या एका केसराची पुसट तुरट गोडी तिला लागली. तीच! ती उठली आणि जीव खाऊन जांभळीकडे उडाली.

झाडाखाली केसरांचा पांढरा सडा पडला होता. फांद्यांवर हिरवी, टणक फळं धरली होती. ती एकेका देठावर बसली, एकेका देठाला जीभ लावून आली. रस कुठेच नव्हता.

त्या पावसाळ्यात पोळं अर्धपोटी राहिलं. कितीतरी जणींनी श्रावण पाहिला नाही. चाखणी जगली, पण घास घ्यायच्या वेळी ती मागे सरायची. तिची जीभ आता पूर्वीइतकीच तीक्ष्ण होती, आणि चाखायला पुढचा चैत्र येईपर्यंत काही नव्हतं.

तात्पर्य : रोज अति गोड खाणाऱ्याला आधी साधी गोडी कळेनाशी होते, आणि ती कळू लागेपर्यंत बहर थांबत नाही.